ज्यू, ख्रिस्ती आणि इस्लाम या तिन्ही धर्मांचं मूळ खरंच एक आहे का? मग एवढं वैर कशाचं?

तुम्ही लिहिलंय की तिघेही अब्राहमला (मुसलमानांचे हजरत इब्राहीम) आपला मूळपुरुष मानतात, तरी त्यांचं आपसात पटत का नाही. माझ्या मते मूळ एक आहे म्हणूनच पटत नाही. भाऊबंदकी परक्याशी होत नसते, एकाच सातबाऱ्यावर नावं असलेल्यांत होते.

आधी इतिहासाचं बोलू. अब्राहम खरोखर होऊन गेला याचा उत्खननात पुरावा मिळालेला नाही. 'इस्राएल' हे नाव पहिल्यांदा सापडतं ते इजिप्तचा राजा मेर्नेप्ताह याच्या शिलालेखात, इ.स.पू. १२०८ च्या सुमारास. ज्यू धर्माला खरी घडण आली ती मात्र संकटातून. इ.स.पू. ५८६ मध्ये बॅबिलोनच्या फौजेने जेरुसलेमचं मंदिर पाडलं आणि बरेच लोक पकडून नेले. राजा गेला, मंदिर गेलं. जुन्या कथा आणि नियम संकलित करून ग्रंथाच्या रूपात बांधायचं मोठं काम या काळात आणि त्यानंतर झालं. पुढे इराणच्या सायरसने परतायची मुभा दिली, दुसरं मंदिर उभं राहिलं, आणि तेही रोमनांनी इ.स. ७० मध्ये जमीनदोस्त केलं.

इथे एक गैरसमज दूर करतो. ज्यू धर्म ही आई आणि ख्रिस्ती धर्म ही मुलगी, असं सर्रास सांगितलं जातं. पण येशू ज्यू होता, त्याचे पहिले शिष्य ज्यू होते, आणि आज आपण ज्याला ज्यू धर्म म्हणतो तो रब्बींचा (ज्यू धर्मपंडितांचा) धर्मही इ.स. ७० नंतरच आकाराला आला. म्हणजे दोघं बहुतेक एकाच पिढीतली भावंडं. वेगळं व्हायलाही त्यांना काही शतकं लागली. इ.स. ३२५ च्या निकियाच्या ख्रिस्ती धर्मपरिषदेला ईस्टरची तारीख ज्यूंच्या पंचांगावरून ठरवायची नाही, असं मुद्दाम ठरवावं लागलं. म्हणजे तोवर बरेच जण तशीच ठरवत होते!

आता अब्राहम कोणाचा, हा खटला. ज्यूंचं म्हणणं सरळ आहे: देवाने त्याच्याशी करार केला, खूण म्हणून सुंता सांगितली, आम्ही त्याचे वंशज. यावर ख्रिस्ती धर्माचा सुरुवातीचा प्रचारक पौल याने इ.स. ५७ च्या आसपास रोममधल्या मंडळींना लिहिलेल्या पत्रात वकिली मुद्दा काढला. अब्राहमचा विश्वास देवाने मान्य केला तो सुंता होण्याच्या आधी, म्हणून सुंता न झालेलेही त्याची लेकरं. मग सातव्या शतकात कुराण (सूरा म्हणजे अध्याय ३) विचारतं की इब्राहीमवरून तुम्ही कशाला भांडता? तौरात (ज्यूंचा ग्रंथ) आणि इंजील (येशूचा ग्रंथ) दोन्ही त्याच्या नंतर आले, तो यहुदीही नव्हता आणि ख्रिस्तीही नव्हता. युक्तिवाद बघा, दोन्हीकडे तोच: तुमच्या कागदाच्या आधीपासून तो आमचा आहे. मला या साम्याची फार मौज वाटते.

इस्लामने नुसती नावं उचलली, असं म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण. इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या 'मिश्ना' या ज्यू ग्रंथात, फाशीच्या खटल्यात साक्षीदारांना काय ताकीद द्यायची ते सांगितलंय. त्यांना आधी आदमचा मुलगा काइन याने भावाचा खून केला ती गोष्ट ऐकवायची आणि मग सांगायचं की एक जीव घेणारा जणू सगळं जग नष्ट करतो. कुराणाच्या पाचव्या सूरेत आदमच्या दोन मुलांची हीच गोष्ट येते, आणि लगेच पुढे, एकाला मारणारा जणू साऱ्या मानवजातीला मारतो. वर कुराण उघडपणे म्हणतं की हा आदेश आम्ही इस्राएलच्या संततीला दिला होता. लपवाछपवी काहीच नाही. मदिनेत सुरुवातीला नमाजही जेरुसलेमकडे तोंड करून होत असे, सुमारे दीड वर्षाने दिशा काबाकडे वळली.

देवाने अब्राहमला मुलाचा बळी द्यायला सांगितलं, ही गोष्टही सामाईक. पण बळी कोणत्या मुलाचा द्यायचा होता, इसहाकचा की इस्माईलचा (बायबलमधला इश्माएल), यावर आज दोन पक्ष पक्के झालेत. बायबलमध्ये इसहाक. कुराणात त्या प्रसंगी मुलाचं नावच नाही. बहुतेक मुसलमान इस्माईल मानतात, पण अल-तबरीसारख्या कुराणाच्या नामांकित भाष्यकाराने इसहाकच्या बाजूने कौल दिला होता.

आपल्याकडे अलिबाग-पेणच्या बेने इस्राएल मंडळींचा (कोकणातल्या ज्यूंचा) मलिदा हा विधी याच धाग्यातला. पोहे, नारळ, साखर, फळं मांडून ते एलियाहू हन्नाबीचं (संदेष्टा एलियाचं) स्मरण करतात. बायबलमधला एलिया आणि कुराणातला इलियास तोच.

आणि भांडण अगदी शब्दशः जमिनीवर उतरलेलं बघायचं तर वेस्ट बँकमधलं हेब्रोन. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या २३ व्या अध्यायात अब्राहमला बायको सारा हिच्या दफनासाठी गुहा हवी असते. मालक एफ्रोन म्हणतो, फुकट घ्या, आणि बोलता बोलता चारशे शेकेलची किंमतही सुचवतो. अब्राहम घासाघीस न करता गावच्या वेशीत सगळ्यांदेखत चांदी मोजून देतो. पुढे त्यालाही तिथेच पुरतात, आणि पुरायला इसहाक आणि इश्माएल दोघं असतात. त्या जागेभोवती ज्यूंचा राजा हेरोद याच्या काळातली मानली जाणारी दगडी भिंत आजही आहे. आत आधी बायझंटाईन चर्च, मग मशीद, मग क्रुसेडवाल्यांचं (युरोपातून आलेल्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांचं) चर्च, मग त्यांना हरवणाऱ्या सुलतान सलाहुद्दीनच्या काळापासून परत मशीद. १९९४ मध्ये एका ज्यू माथेफिरूने नमाज पढणाऱ्या २९ जणांना गोळ्या घातल्या, त्यानंतर ज्यू आणि मुसलमान यांच्यात इमारतीची वाटणी झाली. दोन्ही समाजांना वर्षातले दहा-दहा दिवस पूर्ण जागा मिळते. अब्राहमच्या नावाची समाधी मधोमध आहे, दोन्ही बाजूंनी जाळीतून दिसते.

मुळातून वाचायचं असेल तर उत्पत्ती १२ ते २५, रोमकरांस पत्राचा चौथा अध्याय आणि कुराणातल्या सूरा ३ व ३७ एका बैठकीत, याच क्रमाने वाचा. तिन्हींचे मराठी अनुवाद मिळतात.