नळाला जोर आहे, तरी वॉशिंग मशीनमध्ये पाणी फार हळू भरतं. काय करावं?

बहुतेक वेळा मशीनच्या मागे, पाइप जोडतो तिथे आत बसवलेली छोटी जाळी तुंबलेली असते. ती काढून धुवा. टाकीतला गाळ आणि बोअरच्या पाण्याचा क्षार तिथेच अडकतो. प्लग काढा, नळ बंद करा, पाइपची चकती हाताने फिरवून सोडवा (खाली बादली ठेवा, पाइपमधलं पाणी सांडतं) आणि जाळीच्या मधला दांडा पकडीने धरून सरळ ओढा. जुन्या टूथब्रशने घासा. पांढरा थर निघत नसेल तर अर्धा तास व्हिनेगरमध्ये बुडवा. काही पाइपांना नळाकडच्या टोकालाही जाळी असते, तीही बघा. कटकट नको म्हणून काही जण जाळी काढूनच टाकतात. तसं करू नका. वाळूचा कण व्हॉल्व्हमध्ये अडकला की तो नीट मिटत नाही आणि बंद मशीनमध्येही पाणी झिरपत राहतं. जोडताना रबरी वॉशर जागेवर आहे ना, पाहा.

मात्र वरच्या मजल्यावर राहत असाल तर आधी दाब तपासा. टाकी जेमतेम 2 मीटर वर असेल तर दाब 0.2 बारच मिळतो, आणि बऱ्याच मशीनना तो अपुरा पडतो.