नोटरीवर घर घेऊ का?

प्रश्न: ताई नमस्कार. मिस्टर चादरीच्या कारखान्यात आहेत, मी घरी शिलाई करते. जुळे सोलापूरच्या पुढं एक गुंठ्यात दोन खोल्यांचं घर बघितलंय, स्वस्त आहे म्हणून घरात सगळ्यांना पसंत. मालक म्हणतात खरेदीखत नंतर बघू, आत्ता नोटरी करा आणि दोन लाख इसार द्या. देऊ का?
– एक वाचक, विजापूर रोड

उत्तर: ताई, आधी तो इसार थांबवा. नोटरी केली म्हणून घर तुमच्या नावावर होत नाही, त्याला रजिस्टर खरेदीखतच लागतं, १९०८ च्या नोंदणी कायद्यापासून हेच चालत आलंय. माझ्या मामांनी असंच नोटरीवर घर घेतलं, मूळ मालक वारले आणि त्यांच्या मुली हिस्सा मागायला दारात आल्या, बँकेनं त्या कागदावर कर्जही दिलं नाही. मामी अजून तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात जपून ठेवतात, बघून जीव तुटतो हो.

असे गुंठ्याचे तुकडे बहुतेक वेळा शेतजमिनीत पाडलेले असतात, एनए म्हणजे बिगरशेती परवानगी नसते, सातबारावर आठ-दहा जणांची नावं असतात आणि तुकडेबंदीमुळं, म्हणजे शेतजमिनीचे बारीक तुकडे विकायला मनाई करणाऱ्या कायद्यामुळं, रजिस्ट्री अडत आलीय, म्हणून तर स्वस्त मिळतं. मालकाला सरळ विचारा, गुंठेवारीत, म्हणजे असे गुंठ्यांचे तुकडे नियमित करायच्या कायद्यात, नियमित केलंय का? २०२१ च्या दुरुस्तीनंतर ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात बसू शकतात, तर दंड-फी त्यांनी भरून ऑर्डर हातात आणू दे, मग बोलू म्हणा. "नंतर करून देतो" यावर अजिबात जाऊ नका.

कागद आले की तुमच्या ओळखीच्या वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च, म्हणजे जुन्या व्यवहारांच्या नोंदींची तपासणी, काढा, मालकानं सुचवलेल्या वकिलाकडून नको. घरपट्टी-पाणीपट्टीच्या पावत्या बघा. आणि घर फक्त तुमच्या एकटीच्या नावावर घ्या, बाईच्या नावावर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. नोंदणी फी १ टक्का, पण ३० हजारांच्या वर नाही.

अजून एक, पाणी ज्या दिवशी सुटतं त्या दिवशी घर बघायला जा. आपल्याकडं रोज कुठं येतंय, नळाला धार किती आहे, हौद भरायला किती वेळ लागतो ते उभं राहून बघा, शेजारच्या बायकांशी बोला.

सगळं पटलं तर इसार चेकनंच द्या, रजिस्टर साठेखत (खरेदीआधीचा विक्रीचा करार) करून, आणि मालकाच्या बहिणींच्यासुद्धा सह्या घेऊन.