टाइल्स नव्या केल्यापासून कमोडच्या बुडाशी पाणी साचतंय. प्लंबर म्हणतो कमोडच बदला. बदलावा का?

तुम्ही लिहिलंय की जुना कमोड काढून टाइल्स केल्या, तोच कमोड परत बसवला आणि दोन महिन्यांत बुडाशी पाणी यायला लागलं. प्लंबरने तो उचलूनही न बघता "भांडं गेलंय" म्हणून सांगितलं. बदलू नका. निदान उचलून बघेपर्यंत तरी नको. हातातलं काम ठेवून हे लिहायला बसले आहे, कारण याच वाक्यावर विश्वास ठेवून आमचा एक धडधाकट कमोड भंगारात गेला आणि चौदा महिने त्या पाण्याचा दोष माझ्या माथी राहिला.

आमच्याकडचं टाइल्सचं काम माझ्या मोठ्या दिरांनी स्वतः उभं राहून करून घेतलं. जुन्या टाइल्स फोडायच्या तर धूळ, आवाज, वेळ. म्हणून जुन्यावरच नव्या बसवल्या. जमीन पाऊण इंच वर आली. मग कमोड ठेवला आणि भोवती पांढऱ्या सिमेंटची जाड कड गोल फिरवली. मी तेव्हाच म्हटलं होतं, "भाऊजी, मागच्या बाजूला थोडी फट ठेवायला सांगा ना." माहेरी वडिलांनी तशी ठेवलेली मी पाहिली होती. ते म्हणाले, "वहिनी, फट ठेवली की त्यातून पाणी आत जाणार. कशासाठी ठेवायची?" मला कारण सांगता आलं नाही, म्हणून गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा राग मला अजून येतो.

दोनेक महिन्यांत उजव्या कोपऱ्यात सिमेंटलगत ओल दिसू लागली. पहिला निष्कर्ष घरात एकमताने निघाला: मी धुताना पाणी फार ओतते. मी बादली बंद केली, ओल्या फडक्याने पुसायला लागले. ओल तशीच. सकाळी दार उघडलं की गटाराचा वास. मग एक प्लंबर आला, ग्लेझवरची, म्हणजे वरच्या चकचकीत थरावरची, केसासारखी रेघ दाखवून म्हणाला, तडा गेलाय. नवा कमोड आला. सिमेंट इतकं घट्ट होतं की काढताना जुना फुटलाच. नवा त्याच जागी, त्याच पद्धतीने, त्याच गोल कडेसकट बसला. तीन महिन्यांनी ओल परत, आणि या वेळी खालच्या घराच्या छतावर पिवळा डाग. भाऊजींचं उत्तर तेच: "वहिनींना सांगा, पाणी कमी वापरा."

त्या रात्री मी स्वतः तपासायचं ठरवलं. तुम्हीही नेमकं हेच करा. सगळं कोरडं पुसून घ्या. अँगल कॉक (टाकीला पाणी देणारा भिंतीतला छोटा नळ), कनेक्शन पाइपचे दोन्ही नट, टाकीखालचे बोल्ट आणि कमोडचं बूड, प्रत्येक ठिकाणी पांढऱ्या कागदाचा तुकडा लावा आणि तासभर फ्लश करू नका. एवढ्यात वरचा कागद भिजला तर गळती नळाच्या बाजूची आहे. बहुतेक वेळा एक वॉशर बदलला की संपते. टाकी बाहेरून घामेजलेली असेल, तर ते दमट हवेतलं पाणी थंड टाकीवर जमून खाली ओघळतंय, गळती नाहीच. मग भांड्यातल्या पाण्यात खायचा निळा रंग टाका आणि चार-पाच वेळा फ्लश करा, दर वेळी थोडा रंग टाकून. मी हे केलं तेव्हा बुडाशी लावलेला कागद तिसऱ्या फ्लशला निळा झाला. मी धुण्यासाठी ओतलेल्या पाण्यात निळा रंग नव्हता. तो कागद मी वाळवून ठेवला आहे.

दुसऱ्या दिवशी आलेले प्लंबर वयस्कर होते, फार बोलले नाहीत. त्यांनी कमोड उचलला, जमिनीवर एक सरळ पट्टी आडवी ठेवली आणि पाइपच्या तोंडापर्यंतची खोली मोजली. "जमीन वर आली, पाइप तिथंच राहिला," एवढंच म्हणाले. कमोड आणि पाइप यांच्यामध्ये मेणाची रिंग असते. पाइपचं तोंड तयार जमिनीच्या बरोबरीला किंवा किंचित वर असावं लागतं, तरच ती रिंग नीट दाबली जाऊन बसते. आमची एका बाजूला जेमतेम टेकत होती, दुसरीकडे टेकलीच नव्हती. फ्लशचं पाणी पाइपमध्ये उतरताना दर वेळी चमचाभर बाहेर निसटायचं, आणि त्याच फटीतून गटाराचा वायू वर यायचा. निसटलेलं पाणी पांढऱ्या सिमेंटच्या कडेने आत कोंडून ठेवलं. मग ते टाइल्सच्या सांध्यांतून खाली स्लॅबमध्ये मुरलं. फट असती तर पहिल्याच आठवड्यात जमिनीवर पाणी दिसलं असतं. माझ्याजवळ नव्हतं ते कारण हे होतं.

तुमच्याकडेही जुन्या टाइल्सवर नव्या बसवल्या असतील, तर मला फारशी शंका नाही. जुनीच रिंग परत वापरली असेल तरीही हेच होतं. मेण एकदा दाबलं गेलं की परत फुलत नाही, कमोड उचलला की रिंग नवी लागते. अर्ध्या इंचापर्यंतचा फरक जाड रिंगने भरून निघतो. त्याहून जास्त असेल तर पाइपच्या तोंडावर उंची वाढवणारी कडी बसवून घ्या, नाही तर पाइपच वर घ्या. कमोड बसवल्यावर हाताने हलवून बघा. किंचित डुलला तरी खाली पाचर घालून आधी स्थिर करा, कारण डुलणाऱ्या कमोडखाली कुठलीही रिंग टिकत नाही. बोल्ट आलटून पालटून थोडे थोडे आवळा. एकच बाजू जोर लावून आवळली की बूड तडकतं. आणि सिमेंट वापरूच नका. सिलिकॉन लावा, तेही पुढून आणि बाजूंनी. पुढच्या वेळी उचलताना ते पात्याने कापता येतं, कमोड फुटत नाही.

खरा तडा गेला असेल तर मात्र बदलावाच लागेल. ग्लेझवरच्या रेघा म्हणजे तडा नव्हे. भांड्यात पाणी साठतं तिथे तडा असेल तर ते पाणी फ्लश न करताही उतरत जातं. पण तेही ट्रॅपच्या, म्हणजे भांड्यात पाणी अडवून ठेवणाऱ्या, वळणावर पोछ्याचा धागा अडकल्याने होऊ शकतं, धागा पाणी ओढून पलीकडे सोडत राहतो, म्हणून आधी तो बघा. नवा घ्यायचाच झाला तर भिंतीपासून पाइपच्या मध्यापर्यंतचं अंतर टाइल्सच्या पृष्ठभागापासून मोजा. भिंतीवरही जुन्या टाइल्सवर नव्या बसल्या की तेही कमी होतं आणि नवा कमोड मागे भिंतीला टेकतो. भिंतीवर टांगलेल्या कमोडला यातलं फार थोडं लागू पडतं. आणि काही ठिकाणच्या नियमांत जमिनीलगतची फट पूर्ण बंद करायला सांगितलेली असते, तुमच्याकडे तसं असेल तर नियम पाळा, पण कड लावण्याआधी निदान आठवडाभर कमोड तसाच वापरून बुडाशी कागद कोरडा राहतो का, ते बघा.

आमच्याकडे मागची चार बोटं जागा उघडी ठेवून आता सहा वर्षं झाली. खालच्या घरात डाग परत आला नाही. भाऊजी आले की आजही विचारतात, "ही फट कधी भरणार, वहिनी?" मी त्यांना सांगते, ती भरायची नाही.