हाताने बनवलेल्या वस्तू सोशल मीडियावर विकायच्या आहेत. रोज पोस्ट टाकूनही ऑर्डर का येत नाहीत?

तुम्ही लिहिलंय की दागिने स्वतः घडवता, सहा महिने इन्स्टाग्रामवर रोज एक फोटो टाकताय, लाइक येतात ते मैत्रिणींचे आणि बहिणींचे, ऑर्डर मात्र महिन्याला दोन-तीनच. मी क्रोशाच्या पिशव्या विणून विकते, सात वर्षं होतील आता. पहिलं दीड वर्ष माझंही अगदी हेच रडगाणं होतं.

तेव्हा माझी प्रत्येक पोस्ट एकाच सुरातली असायची. ‘नवीन पिशवी तयार! किमतीसाठी मेसेज करा.’ खाली हॅशटॅगची लांबलचक शेपटी. एकदा वैतागून मी जुने सगळे मेसेज उघडले आणि लोकांनी काय काय विचारलंय ते वहीत उतरवून काढलं. धुतल्यावर सैल पडते का? लॅपटॉप मावेल का? आतून अस्तर आहे का? पट्टा ताणून लांब होतो का? रंग जातो का? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर माझ्या पेजवर कुठेच नव्हतं. फोटो छान होते, पण ते मला आवडावेत म्हणून काढलेले होते. घेणाऱ्याला वस्तू हातात धरून बघता येत नाही, सगळी अडचण तिथे आहे. काहीजण विचारतात, बाकीचे न विचारता पुढे सरकतात.

मग मी पट्ट्याचा प्रश्न घेतला. पिशवीत पाच जाडजूड पुस्तकं भरली, दाराच्या कडीला रात्रभर टांगली आणि सकाळी टेप लावून मोजलं. पट्टा चांगला दोन बोटं लांबला होता! तेवढंच चित्रण, माझा वैतागलेला आवाज, आणि शेवटी पट्ट्याच्या आतून सुती फीत शिवून पुन्हा टांगलेली पिशवी. दुसऱ्या सकाळी पट्टा जागच्या जागी. या व्हिडिओला लाइक नेहमीपेक्षा कमीच पडले, पण त्या आठवड्यात सात ऑर्डर आल्या. लाइक आणि ऑर्डर यांचं गोत्र वेगळं असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

दागिन्यांच्या बाबतीत हे आणखी सोपं आहे. कानातलं वजनकाट्यावर ठेवा आणि आकडा दिसू द्या, कारण कान ओघळण्याची धास्ती बऱ्याच जणींना असते. हार टेबलावर पसरून नको, गळ्यात घालून दाखवा, म्हणजे तो नेमका कुठवर येतो ते कळेल. हुक कोणत्या धातूचा, घाम लागला तर काळा पडतो का, तार निसटली तर दुरुस्त करून देता का? एकेका प्रश्नाची एकेक पोस्ट होते. महिनाभराचा मजकूर तुमच्या इनबॉक्समध्येच पडलेला आहे.

किंमत पोस्टमध्येच लिहा. ‘किमतीसाठी डीएम करा’ वाचलं की मी स्वतः तरी पुढे सरकते. विचारायला संकोच वाटतो, आणि विचारून मग ‘नको’ म्हणायला त्याहून जास्त. हातकामाची किंमत जास्त वाटत असेल तर ती का आहे ते दाखवा. माझ्या चुकलेल्या रांगा उसवतानाचा एक व्हिडिओ आहे: दोन तासांचं विणकाम वीस सेकंदांत भराभर सुटत जातं. त्यानंतर ‘थोडं कमी करा ना’ असे मेसेज बरेच कमी झाले.

फोटोसाठी महागडा कॅमेरा लागत नाही, दिवसा खिडकीजवळचा उजेड पुरतो. बल्बखाली मात्र काढू नका. मी एकदा रात्री घाईत शेवाळी रंगाच्या पिशवीचा फोटो काढला, तो दिसत होता मातकट. जिने मागवली तिला मातकटच हवी होती. पिशवी परत आली, दोन्ही वेळचा कुरिअरचा खर्च माझ्या माथी.

रोज पोस्ट टाकायलाच हवी हा धाक सोडून द्या. पूर्वी इन्स्टाग्रामवर पोस्ट वेळेच्या क्रमाने दिसायच्या, २०१६मध्ये ते बदललं आणि कुणाला काय दाखवायचं ते ॲप ठरवू लागलं. मी आठवड्यातून दोनदाच टाकते, उरलेला वेळ विणण्यात आणि उत्तरं देण्यात जातो. स्टोरी चोवीस तासांत जाते, म्हणून नेहमीच्या प्रश्नांच्या स्टोऱ्या हायलाइटमध्ये ठेवल्यात. हॅशटॅग चार-पाच पुरतात. ‘हँडमेड’ एवढ्याच शब्दाच्या गर्दीत तुम्ही कुणालाही दिसणार नाही, वस्तूचं नेमकं नाव लिहा.

आणि सगळी मदार एका ॲपवर ठेवू नका. ४ ऑक्टोबर २०२१ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप तिन्ही एकदम सुमारे सहा तास बंद पडली होती. माझे अर्धवट ठरलेले पत्ते, रंग, मापं, सगळं आत अडकून बसलं. तेव्हापासून ऑर्डर ठरली की नाव, नंबर आणि ईमेल कागदाच्या वहीत जातं. नवीन माल आला की व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टवर आधी कळवते. यात एक मेख आहे, समोरच्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नसेल तर तो मेसेज पोचतच नाही. म्हणून पार्सलमध्ये चिठ्ठी टाकते, ‘नंबर सेव्ह करा, नवीन रंग आधी तुम्हाला दिसतील’. एका लिस्टमध्ये २५६ जण मावतात, माझे दीडशेही नाहीत. पण माझी निम्मीअधिक विक्री याच लोकांकडून होते.

एवढं सगळं सांगितलं, आता एक सावधगिरीची गोष्ट. एक रील अचानक चालली आणि चार दिवसांत एकतीस ऑर्डर आल्या. मी हरखून सगळ्या घेतल्या. आठवड्याला माझ्या हातून चार पिशव्या होतात! शेवटची पिशवी गेली तेव्हा दोन महिने उलटून गेले होते, मनगट सुजलं होतं आणि सहा जणींचे पैसे परत करावे लागले होते. आता बायोमध्ये पहिलीच ओळ आहे: आठवड्याला चारच पिशव्या, पुढची मोकळी तारीख अमुक. ती तारीख मी दर रविवारी बदलते.