एक्सरे रिपोर्टमध्ये 'पोटात मोकळी हवा' असं आलंय. म्हणजे गॅसच ना? ऑपरेशन लागतंच का?

गॅस नाही हो. हा शब्द ऐकला की अजून माझं डोकं फिरतं.

गॅस आतड्याच्या आत असतो, तो सगळ्यांनाच असतो. ही हवा आतड्याबाहेर, पोटाच्या पोकळीत आलेली असते. म्हणजे बहुतेक वेळा कुठेतरी भोक पडलेलं असतं.

आमचे अण्णा गुडघेदुखीवर दोन वर्षं डायक्लोफेनॅक घेत होते. चिठ्ठी नाही, डॉक्टर नाही, मेडिकलवाला देईल ती पट्टी, तीही सकाळी नुसत्या चहाबरोबर. एकदा पहाटे चारला पोटात अशी कळ आली की घाम फुटला. मामा मुक्कामाला होते. त्यांचं निदान तयारच होतं : "रात्रीची वाटाण्याची उसळ बाधली, गॅस धरलाय." मग ओवा, मग सोडा, मग बेंबीला हिंगाचा लेप. उजवा खांदा दुखतोय म्हटल्यावर "वात वर चढला". मी म्हणत होतो की गॅस झालेला माणूस येरझाऱ्या घालतो. अण्णा तर कूससुद्धा बदलू देत नाहीत आणि पोट पाटासारखं कडक झालंय. पण माझं ऐकतो कोण? सहा तास गेले त्यात.

दवाखान्यात त्यांना दहा मिनिटं ताठ बसवून मग छातीचा एक्सरे काढला. उजवीकडे यकृत आणि छाती-पोटामधला पडदा यांच्यामध्ये काळी चंद्रकोर, तीच ती मोकळी हवा. (डावीकडे जठरातली नेहमीची हवा असते, तिथे फसायला होतं.) त्या गोळ्यांनी झालेला अल्सर (आतला व्रण) फुटला होता. भोक शर्टाच्या गुंडीपेक्षाही लहान! पोट धुऊन, आतल्याच चरबीच्या पदराचं ठिगळ लावून ते बुजवलं. खांदा दुखत होता तोही पडद्याखालच्या त्या त्रासानेच. पडद्याची आणि खांद्याची नस मानेतून एकाच भागातून निघते.

मामा अजूनही लग्नाकार्यात सांगतात, "शेवटी हवाच निघाली ना? मी गॅसच म्हणत होतो!" मामा, चाकात हवा असणं वेगळं आणि पंक्चर वेगळं.

तर, ऑपरेशन बहुतेक वेळा लागतंच. भोक आपोआप बुजलेलं असेल तर कधीकधी सर्जन नुसतं लक्ष ठेवतात, पण ते त्यांनी ठरवायचं, मामांनी नाही. आणि हो, हे आधीच विचारायला हवं होतं : तुमचं नुकतंच पोटाचं ऑपरेशन झालंय का? दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवतात, पोट उघडलं तरी हवा शिरतेच. ती काही दिवस दिसते, खांदाही दुखतो, आणि बहुधा आपोआप जिरते. तसं काही झालं नसेल आणि रिपोर्ट आजचा असेल, तर काही खाऊपिऊ नका, लगेच निघा.