जुन्या लाँचचं डिझेल इंजिन खट-खट वाजतंय, खोलायचं का?

लगेच खोलू नका. आधी गिअर न्यूट्रलला आणा. आवाज थांबला तर बहुधा शाफ्ट, कपलिंग (इंजिन आणि शाफ्टचा जोड) किंवा पाण्यातल्या पंख्यात गडबड आहे (कितीदा तरी पंख्यात जाळ्याचा दोर निघतो). न्यूट्रललाही वाजत राहिला तर आयडलवर (इंजिन सर्वात कमी वेगात चालू ठेवून) एकेका नोजलच्या, म्हणजे सिलिंडरात डिझेल फवारणाऱ्या भागाच्या, पाइपाचा नट पाव आटा सैल करा, म्हणजे तेवढ्या सिलिंडरचं डिझेल तुटेल. ज्याचा नट सैल केल्यावर आवाज कमी होतो, तो सिलिंडर धरा. इंजिन बंद करून त्याचं नोजल शेजारच्या सिलिंडरला लावा, तांब्याचे वॉशर नवे घाला. आवाज नोजलबरोबर सरकला तर नोजल टेस्टिंगला द्या, काम स्वस्तात सुटलं. तिथेच राहिला आणि गरम झाल्यावर ऑइल प्रेशरही पडत असेल तर बेअरिंग गेलंय. मग एक फेरीही मारू नका, क्रँक (इंजिनातला मुख्य फिरता दांडा) जाईल. बंदरावर मिस्त्रीच्या हाताखाली मी हाच क्रम शिकलो.

कपलिंगचं अलाइनमेंट मात्र होडी पाण्यात असतानाच बघा, कारण किनाऱ्यावर ओढली की लाकडी सांगाडा थोडा वाकतो. कपलिंगच्या दोन तबकड्यांमधल्या फटीत फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) चहूबाजूंनी फिरवा. 4 इंची कपलिंगला फरक साधारण 0.1 मिमीच्या आत हवा.

नट सैल करायची युक्ती फक्त जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनावर, कॉमन रेलवर (नव्या इंजिनांतली कॉम्प्युटरवर चालणारी, फार जास्त दाबाची डिझेल यंत्रणा) अजिबात नाही. चष्मा लावा, आणि फवाऱ्यासमोर हात नको: त्या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं.