नळाला पाणी बारीक आणि भिंतीत पाइप ठोकतोय, प्रेशर पंप बसवावा का?

तुम्ही लिहिलंय की इंदिरानगरमध्ये चौथ्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावर राहता, शॉवरला पाणी बारीक, गीझरचं त्याहून बारीक, आणि सकाळी भिंतीतून धाडधाड आवाज येतो. प्लंबरने दोन्हीवर एकच औषध सांगितलंय, प्रेशर पंप. माझं ऐकाल तर आत्ता थांबा.

गच्चीवरच्या टाकीचं पाणी नुसत्या उंचीवर उतरतं. 10 मीटर उंचीला साधारण 1 बार दाब. तुमच्या शॉवरपासून टाकीतलं पाणी फार तर दोन-तीन मीटर वर असेल, म्हणजे 0.2 ते 0.3 बार. तळमजल्यावाल्यांना याच टाकीतून 1 बारच्या वर मिळतं, त्यांच्याशी तुलना करून उपयोग नाही. पण इतक्या कमी दाबाच्या पाण्याला बंद करताना भिंत हादरवण्याइतका जोर कुठून येणार? म्हणून मला तो आवाज तुमच्या नळांचा वाटतच नाही.

उद्या सकाळी आवाज सुरू झाला की घरातले सगळे नळ बंद करा आणि डक्टमधल्या, म्हणजे पाइप वर-खाली नेणाऱ्या उभ्या पोकळीतल्या पाइपांवर एकेक करून हात ठेवा. मोटर बंद होताना एकच दणका बसत असेल, तर वर चढणारा पाण्याचा स्तंभ उलटा फिरून एनआरव्ही, म्हणजे पाणी मागे येऊ न देणारा व्हॉल्व्ह, आपटतोय. तो बदलून स्प्रिंगवाला लावा. त्याची झडप पाणी उलटं फिरायच्या आत मिटते. टाकी भरत आली असताना ठोके सुरू होत असतील तर बॉल कॉक, म्हणजे टाकी भरल्यावर पाणी बंद करणारा गोळ्याचा नळ, पाहा. पाण्यावर लाटा उठल्या की तरंगणारा गोळा वरखाली नाचतो, तोटी उघडझाप करते आणि तो थरार पाइपातून थेट तुमच्या छतापर्यंत येतो. पाणी टाकीत वरून न सोडता पाइप खाली उतरवून पाण्यात बुडवला की लाटा उठत नाहीत. फक्त मोटर बंद असताना पाणी उलटं ओढलं जाऊ नये म्हणून त्या पाइपाला वरच्या बाजूला बारीक भोक हवं. डक्टमधले, पाइप भिंतीला धरून ठेवणारे क्लॅम्पही हलवून बघा, निम्मे निघालेले सापडतील. गीझर चालू केल्यावर टिकटिक होत असेल तर ते गरम पाण्याचे प्लास्टिकचे (सीपीव्हीसी) पाइप तापून प्रसरण पावत असतात, दुर्लक्ष करा.

आता दाब. आधी बादली घ्या. 10 लिटरची बादली गार नळाखाली किती वेळात भरते, मग गरम नळाखाली किती, हे घड्याळ लावून पाहा. गार ठीक आणि गरम बारीक असेल तर दोष टाकीचा नाही, गीझरचा. त्याच्या इनलेटला स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असतो. आधीच तुटपुंज्या दाबातला काही भाग ती स्प्रिंग उघडण्यातच जातो, त्यात क्षार साचले की संपलंच. बोअरचं पाणी मिसळणाऱ्या सोसायट्यांत तर हे हमखास. नळाच्या तोंडाची जाळी हाताने फिरवून काढा. आत पांढरट कपची आणि पावसाळ्यातल्या गढूळ पाण्याचा मातकट गाळ दिसेल. रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा. भिंतीलगतचे छोटे व्हॉल्व्ह, म्हणजे अँगल कॉक, पूर्ण उघडे आहेत ना, तेही बघा; प्लंबर काम झाल्यावर ते अर्धवट सोडून जातात, हा माझा जुना राग आहे.

दोन्ही नळ सारखेच बारीक असतील तर गच्चीवर जा. टाकीच्या आउटलेटचा व्हॉल्व्ह अर्धा बंद असू शकतो. त्याच्या पुढे वर उघडा राहणारा हवेचा पाइप नसेल, तर टाकी रिकामी होऊन पुन्हा भरल्यावर लाइनमध्ये हवा अडकते, आणि नळ आधी फुसफुसतो मग करंगळीएवढी धार सोडतो. इमारत जुनी असून पाइप जीआयचे, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचे, असतील तर ते आतून गंजून अरुंद झालेले असतात, तिथे साफसफाईने फारसं काही होत नाही.

एवढं करूनही शॉवर समाधानकारक नसेल, तर पंप घ्या, अर्धा अश्वशक्तीच्या आतला भरपूर झाला. मात्र तो टाकीनंतरच्या लाइनवरच हवा. महापालिकेच्या नळाला थेट मोटर लावणं बेकायदा आहे. आणि तोवर डक्टमधले क्लॅम्प घट्ट झालेले असू द्या. पंपाचा दाब आल्यावर लिव्हरचे नळ आणि वॉशिंग मशीनचा व्हॉल्व्ह झटकन मिटतील, तेव्हा तुमचे स्वतःचे पाइप खरोखर ठोकायला लागतील. एनआरव्ही आणि बॉल कॉक सोसायटीचे आहेत, त्यांचा खर्च तुम्ही एकट्याने करू नका; सेक्रेटरींना सकाळी आवाज होतो त्याच वेळी वर बोलवा.